बाळंतिणीची खोली

ऐशूचं पहिलं बाळंतपण आपल्या घरी करायचं, एवढी एकच गोष्ट मी तिच्या लग्नापासून मनात धरून होते. दुसरं काही मागितलं नव्हतं. पोरगी दहावी झाली तशी नांदेडला होस्टेलवर गेली, तिथून शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि पुण्याहून सरळ मांडवात येऊन उभी राहिली. घरी यायची ती पाहुण्यासारखी, दोन दिवस, बॅग अर्धी उघडी ठेवून. म्हणून सव्वा महिना तरी तिनं माझ्या नजरेखाली बाजेवर पडून राहावं, मी तिला न्हाऊ घालावं, शेकावं, नको नको म्हणताना चार घास जास्त भरवावेत, असं मला वाटायचं. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. घालणारी कुणाची तरी आईच असणार.

कळमनुरीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते आणि बरे शिवते. ऐन लग्नसराईत आलेली कापडं मी परत पाठवली, बायका नाराज झाल्या, तरी म्हटलं जाऊ द्या. मशीन भिंतीला सरकवून तिथं बाज टाकली. बाजेची सुंभं नव्यानं विणून घेतली. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, सगळं भरून ठेवलं आणि लाडू वळून डब्यात घातले. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. हे करताना मी कुणावर ओरडले नाही, यावरून माझ्या आनंदाचा अंदाज घ्यावा. एरवी माझ्या तोंडाला आमची गल्ली टरकून असते.

कळमनुरीतच एक बाई डॉक्टर आहेत. सातव्या महिन्यात ऐशू आली तेव्हापासून त्याच तिला तपासत होत्या. "सगळं बराबर आहे, घरून चालत या, बाळ घेऊन चालत जा," असं म्हणायच्या. पण तिथं जावयाचं कार्ड चालत नव्हतं.

या कार्डाचं सांगते. आमचे जावई प्रज्ञेश चाकणला कंपनीत आहेत. कंपनीनं सगळ्या कामगारांचा आणि त्यांच्या बायकांचा आरोग्य विमा काढला आहे, त्यात बाळंतपणही बसतं. दवाखाना त्यांच्या यादीतला असला की कार्ड दाखवायचं आणि काही न भरता बाहेर पडायचं. आमच्या बाजूला यादीतला दवाखाना एकच, तोही हिंगोलीत. नॉर्मल झालं तर कार्ड एक रक्कम देतं, सिझर झालं तर त्याहून मोठी. हे असं का, म्हणून मी जावयांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "मामी, सिझरला खर्च जास्त येतो म्हणून." मी म्हटलं, "का जास्त भेटतं म्हणून सिझर जास्त होऊन राहिलेत?" ते हसले. मी काही गंमत केली नव्हती.

सरकारी दवाखान्यात तर पैसाच लागला नसता. माझ्या दोन्ही पुतण्या हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातच बाळंत झाल्या, लेकरं आता अंगणभर धिंगाणा घालतात. पण खिशात कार्ड आहे म्हटल्यावर सरकारीचं नाव कोण काढणार? बिनपैशाच्या दोन वाटा होत्या. आम्ही त्यातली एसीची धरली.

प्रेमानंद, म्हणजे आमचे हे, कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहेत. माणूस सरळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मात्र व्याह्यांचा विषय निघाला की ते धास्तावतात. लेकीकडच्यांनी कुठं कमी पडायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता पहिलं बाळंतपण जावयाच्या कार्डावर होणार, हे त्यांना आतून लागून राहिलं होतं. मी दोनदा समजावलं, की कार्ड कंपनीचं आहे, व्याह्यांच्या घरचं नाही. मान हलवायचे आणि पुन्हा छताकडं बघत बसायचे. त्यात विहीणबाई डोहाळजेवणाला आल्या तेव्हा सहज बोलून गेल्या, की मोठ्या सुनेच्या वेळी तिच्या माहेरच्यांनी परभणीत स्पेशल रूम घेतली होती. बाई बोलून विसरल्या असतील. ह्यांनी ते जपून ठेवलं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. रिक्षा करून हिंगोली गाठली. काउंटरवर गुलनाज नावाची पोरगी होती, डोक्यावर ओढणी, पुढं कॉम्प्युटर. तिनं पहिलं विचारलं, "कार्ड आहे का?" कळा कधीपासून येतात, हे तिच्यानंतर आलेल्या नर्सनं विचारलं.

"रूम कोणती देऊ काका? कार्डात दोन खाटांची बसते."

"दोन खाटांची म्हंजे शेजारी दुसरी बाई?"

"व्हय. मधी पडदा हाय."

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "विहीणबाई येणार, बाया येणार बघायला. पडद्याच्या हिकडं तिकडं काय बसवायचं त्यांना?" मग गुलनाजकडं वळले. "एकटीची द्या. चांगली. जो फरक पडंल तो मी भरतो."

"काका, फरक म्हंजे नुसता..." असं ती काहीतरी सांगू लागली, तेवढ्यात मागं ऐशू कळवळून खाली बसली आणि आम्ही तिकडं धावलो. नर्सनं व्हीलचेअर आणली. ह्यांनी घाईघाईत दोन-तीन ठिकाणी सह्या केल्या. कार्ड त्यांचं आणि खोली आपली, असा त्यांचा हिशोब. त्या सकाळी त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला आणि मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग डॉक्टर आल्या, पोटाला यंत्र लावलं आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होऊन राहिलेत. थांबण्यात अर्थ नाही, सिझर करावं लागेल." मी काय म्हणणार? ठोके मला थोडेच ऐकू येत होते. कळमनुरीच्या बाई डॉक्टर चालत या, चालत जा म्हणाल्या होत्या, आणि इथं कार्ड सिझरला जास्त देतं हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात एकदम आल्या. पण लेक टेबलावर असताना डॉक्टरवर संशय घ्यायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि ठोके खरंच कमी झाले असतील तर? ते मला आजही कळलेलं नाही, पुढंही कळणार नाही. कार्ड नसतं तर निदान हा प्रश्न तरी पडला नसता.

मुलगी झाली. गोरीपान नाही, ऐशूसारखी सावळी, मुठी आवळलेली. ह्यांनी तिच्याकडं बघून डोळे पुसले आणि मग खोलीतून एक चक्कर मारली. नळाला गरम पाणी येतं का बघितलं, खिडकीचा पडदा ओढून बघितला, एसीचा आवाज ऐकला. खोली तशी चांगलीच होती.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. रुख्मिणीबाई त्यांचं नाव. नवरा एसटीत मेकॅनिक होता, तो गेल्यावर दोन्ही पोरं त्यांनीच मार्गी लावली. जयभीम झाला, पाणी झालं. हे दारात उभे राहून वाट बघत होते, बाई खोलीबद्दल काही बोलतात का. बाईंनी नातीला छातीशी घेतलं आणि म्हणाल्या, "तो एसी बंद करा बरं. लेकराला गारठा लागून राहिला." मग सुनेच्या पायाशी खाटेवर टेकल्या आणि तिचे तळवे चोळत बसल्या. खोलीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. मला त्या क्षणी ही बाई आवडली, आणि नंतर जे झालं त्यानंतरही मला तिचा राग धरता आलेला नाही. राग धरता आला असता तर सोपं गेलं असतं.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळीच मी पिशव्या भरल्या. विहीणबाईही निरोप द्यायला परभणीहून आल्या होत्या. दुपारी घरी पोचलो की पाणी तापवायचं, शेगडी पेटवायची, असं मनात चाललं होतं. शेजारणीला फोन करून अंगण झाडून घ्यायला सांगितलं. विमा कंपनीकडून मंजुरी यायला वेळ लागतो म्हणून आम्ही बसून होतो. दुपार टळत आली तेव्हा गुलनाजनं ह्यांना बोलावलं. मीही मागोमाग गेले.

ह्यांनी खोलीच्या भाड्यातला फरक मोजून वेगळ्या पाकिटात आणला होता. ते पाकीट त्यांनी काउंटरवर ठेवलं. गुलनाजनं त्याला हात लावला नाही.

"काका, कंपनीनं निम्मंच मंजूर केलंय."

"कशाचं निम्मं?"

"सगळ्याचं."

तिनं खुर्ची पुढं ओढली. हे तिला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागत असणार, तिच्या आवाजावरून कळत होतं.

"कार्डात जेवढं खोलीचं भाडं बसतं ना, तुमची खोली त्याच्या दुप्पट हाय. मंग इन्शुरन्सवाले म्हणतात, पेशंट दुप्पट महाग खोलीत राहिला, आमी निम्मंच देणार. नुसत्या खोलीचं न्हाई. डॉक्टरची फी, भूलवाले, ऑपरेशन, सगळ्याचंच निम्मं. आन् आमच्याकडंबी खोलीवरून रेट बदलतात. खोली मोठी तर ऑपरेशनची फी मोठी. ती वाढलेली फी, आन् त्याच्यातलं निम्मं."

"डॉक्टर तीच ना?"

"तीच."

"ऑपरेशन तेच?"

"तेच, काका."

"मंग खोलीचा अन् ऑपरेशनचा संबंध काय? ऑपरेशन काय त्या खोलीत केलं व्हय?"

"संबंध असाच लावून ठेवलाय. मी सांगत व्हते त्या दिवशी. तुमची पोरगी तकलीफमधी व्हती, ऱ्हाऊन गेलं."

ती खरं बोलत होती. मी तिथं होते. तरी मला तिचा राग आला, मग विमावाल्यांचा आला, जे कुठं बसतात तेही मला माहीत नाही, आणि शेवटी सगळा राग येऊन ह्यांच्यावर थांबला, कारण तेच तेवढे हाताशी होते. "काहून घेतली व्हती खोली? कुणी मागितली व्हती?" मी सगळ्या लोकांसमोर विचारलं. ह्यांनी पाकीट उचलून खिशात ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं आणि हातातच धरून बाकड्यावर बसले. कमी पडायचं नाही म्हणून माणसानं हे सगळं केलं होतं, आणि आता सगळ्यात जास्त कमी पडले होते तेच.

जावयांना फोन लावला. एक दिवसाची रजा घेऊन लेकीचं तोंड बघून ते परत गेले होते. त्यांनी कंपनीतल्या कुणाला तरी विचारलं आणि पुन्हा फोन केला. नियम तसाच आहे, म्हणाले. "मामा, मला सांगायचं ना आधी," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि लगेच, "जाऊ द्या, मी बघतो कुठून होतंय." हे म्हणाले, "तुमी काही बघू नका बापू. मी उद्या कॉलेजात जाऊन सोसायटीतून कर्ज काढतो." आणि फोन ठेवला. गुलनाज हळूच म्हणाली, "काका, उद्यापर्यंत थांबले तर आजची खोलीबी धरतील." म्हणजे जेवढं थांबू तेवढी ती खोली वाढत जाणार.

रुख्मिणीबाई मागं केव्हा येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काही विचारलं नाही, समजावणं नाही, टोमणा नाही. पर्समधून मोबाईल काढला, परभणीला मोठ्या मुलाला फोन लावला आणि त्याला रक्कम सांगितली. थोड्या वेळानं गुलनाज म्हणाली, "आले पैसे." ह्यांचं पाकीट त्यांच्या हातातच राहिलं. बाई ह्यांना म्हणाल्या, "ठिवा ते. लेकराच्या नामकरणाला कामी येतील."

मग त्या माझ्याकडं वळल्या.

"ईनबाई, एक सांगू का. मी दोघींना परभणीला घेऊन जाते. तुमच्यावर लई भार पडला. आता आणखी सव्वा महिना काहून वढायचा? घरी मोठी सून हाय, मी हाय, माझ्यासाठी गाडी बोलावलीच हाय. तुमी बी चला की चार दिवस. पाव्हण्यासारखं ऱ्हावा, लेकीजवळ बसा."

त्यात खोच नव्हती. सांगितलं ना, बाई चांगली आहे. पण ज्यानं बिल भरलं त्याच्या घरी बाळंतीण जाणार, हे तिनं न बोलताच ठरून गेलं होतं, आणि ह्यांनी ते ऐकून मान खाली घातली होती. पैसे घेतल्यावर कोणत्या तोंडानं म्हणणार, की लेक आमच्या घरी पाठवा? बाळंतपण माहेरचं म्हणजे खर्चही माहेरचाच, ही रीत तर आम्हीच धरून बसलो होतो. खर्च गेला तसं बाळंतपणही गेलं.

मी जिना चढून खोलीत गेले. ऐशू लेकराला पाजत होती, टाके ओढत होते म्हणून एका कुशीवर. तिला खालची बातमी आधीच कळली होती, जावयांनी फोनवर सांगितली असणार. मी दार लावून घेतलं.

"ऐशू, तू म्हण, मी कळमनुरीलाच जाते. तू म्हणलीस तर कुणी न्हाई म्हणणार न्हाई. त्या बी न्हाई म्हणायच्या. मी सगळं करून ठिवलंय गं."

ती लेकराच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली.

"आई, मी घरी आले तर पप्पा महिनाभर माझ्यासमोर असेच बसतील," ती म्हणाली. "आज बसले आहेत ना, तसे. रोज मला जेवायला वाढतील आणि रोज त्यांना हेच आठवेल. मला बघवणार नाही. त्यांना तर अजिबात सहन होणार नाही." मग माझा हात धरला. "मला यायचं होतं आई. खरंच यायचं होतं."

मी तिच्यावर कधी रागावत नाही असं नाही, भरपूर रागावते. पण त्या वेळी काही सापडलं नाही. तिचं चुकलं नव्हतं. बापाला तिनं माझ्यापेक्षा बरं ओळखलं होतं. मी तिच्या केसांची वेणी घातली, कानाला घट्ट रुमाल बांधला, लेकराला दुपट्यात गुंडाळलं. एवढंच काय ते बाळंतपण माझ्या वाट्याला आलं.

गाडी आली. ह्यांनी पिशव्या नेऊन डिकीत ठेवल्या, मागच्या सीटवर उशी लावली, उशी नीट बसली का म्हणून पुन्हा हातानं दाबून बघितली. ऐशू वाकून गाडीत बसताना त्यांनी तिच्या डोक्याला टप लागू नये म्हणून वर हात धरला. विहीणबाई म्हणाल्या, "लाडू घरी हायेत म्हणाली व्हती पोरगी. एसटीनं पाठवून द्या, स्टँडवरून आमी घेऊ." मी म्हटलं, "पाठवते." मी त्यांच्याबरोबर गेले नाही. माझ्याच लेकीच्या बाळंतपणाला पाहुणी म्हणून जायला माझे पाय निघाले नाहीत. गाडी परभणीकडं, औंढ्याच्या रस्त्याला लागली.

वर खोलीत एक थैली राहिली होती, ती आणायला मी परत गेले. हेही मागून आले आणि दारातच थांबले. झाडूपोछा करणारी मावशी आत खाटेवरची चादर काढत होती. तिला आमचं खालचं काही माहीत नव्हतं.

"बाळंतीण गेली का?" तिनं विचारलं.

"गेली."

"पहिलीच ना? म्हंजे माहेरी गेली असंल."

मी थैली उचलली.

"व्हय," मी म्हटलं. "माहेरी गेली."

दारातून ह्यांनी ते ऐकलं. माझ्या हातातली थैली घेतली आणि जिना उतरू लागले.